अ‍ॅडमिरलचा मुलगा आणि आमची कॅसेट

शुक्रवारी रात्री साडेअकराला फोन वाजला. होस्टेलमधल्या जुन्या मित्राचा निरोप. निरोप कसला, अकरा मिनिटांचं भाषणच रेकॉर्ड करून पाठवलेलं! विषय : लॉरेल कॅन्यन.

हा मित्र म्हणजे मला पहिल्यांदा 'डोअर्स' ऐकवणारा माणूस. पुण्यातलं होस्टेल, टीडीकेची नव्वद मिनिटांची कॅसेट, कुणाच्या तरी एलपीवरून उतरवलेली, त्यामुळे मधेमधे खरखर. मेसचे पैसे थकवून त्याने टू-इन-वनसाठी नवे सेल आणले होते. आणि आता हाच माणूस म्हणतो की ते सगळं संगीत खोटं होतं, कुणीतरी 'बनवून घेतलेलं' होतं. नुसतं म्हणून थांबला असता तर ठीक होतं. त्याने ऐकणंच सोडून दिलंय.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लॉरेल कॅन्यन ही लॉस एंजेलिसमधली हॉलिवुडच्या डोक्यावरची डोंगराळ वस्ती. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे कोण राहत नव्हतं! बर्ड्स, मामाज अँड पापाज, फ्रँक झापा, जोनी मिचेल, जिम मॉरिसन.. डेव्हिड मॅकगोवन नावाच्या लेखकाने यावर आधी इंटरनेटवर लेखमाला लिहिली आणि २०१४ मध्ये तिचं पुस्तक झालं. त्याचं म्हणणं साधारण असं की ही हिप्पी मंडळी आपोआप जमलेली नव्हती, गुप्तचर खात्याने जमवली होती. कशासाठी? तर व्हिएतनाम युद्धाला होणारा गंभीर विरोध लांब केस, एलएसडी आणि गिटार यांत बुडवून हास्यास्पद करायला. पुरावा काय? त्यांचे बाप बघा!

मजा अशी की यातली बरीचशी माहिती खरी आहे. मॉरिसनचे वडील नौदलात अधिकारी, पुढे अ‍ॅडमिरल. ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातातलं जे प्रकरण व्हिएतनाम युद्धाचं निमित्त झालं, तेव्हा ते तिथल्या अमेरिकन आरमारात वरच्या हुद्द्यावर होते. झापाचे वडील मेरिलँडमध्ये एजवुड आर्सेनल या रासायनिक अस्त्रांच्या केंद्रात नोकरीला, घरात सगळ्यांसाठी गॅसचे मुखवटे. आणि खुद्द लॉरेल कॅन्यनमध्ये, लुकआउट माउंटनवर, हवाई दलाचा फिल्म स्टुडिओ होता. अणुचाचण्यांच्या फिल्म्स तिथे तयार व्हायच्या. तो १९६९ पर्यंत चालू होता. हे सगळं एका दमात ऐकलं की माझ्यासारख्याच्याही अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू.

पण जरा थांबा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे १ कोटी ६० लाख लोक सैन्यात होते. १९४० ते ४५ दरम्यान जन्मलेल्या अमेरिकन पोराच्या घरात गणवेश सापडणं म्हणजे परळच्या जुन्या चाळीत गिरणीत जाणारा बाप सापडण्यासारखं आहे. न सापडला तर आश्चर्य! शिवाय दक्षिण कॅलिफोर्निया म्हणजे विमान कारखान्यांचा मुलूख. कॅरोल किंगही लॉरेल कॅन्यनमध्येच राहायची. तिचे वडील न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलात होते. नील यंगचे वडील पत्रकार. ही नावं मित्राच्या अकरा मिनिटांत कुठे आली नाहीत. आमच्याकडे पास होणाऱ्या टेस्ट केसेस तेवढ्या दाखवून कुणी रिलीज मागितली तर त्याला टीम लीड काय म्हणेल ते इथे लिहिता येत नाही.

आणि मॉरिसन! ही गोष्ट मला फार जवळची वाटते. जानेवारी १९६४ मधला फोटो आहे. केस कापलेला, गुळगुळीत दाढी केलेला जिम वडिलांच्या विमानवाहू जहाजावर उभा आहे. त्यानंतर थोड्याच काळात दोघांचा संबंध तुटला. बँड गाजायला लागल्यावर रेकॉर्ड कंपनीसाठी दिलेल्या माहितीत पोराने सरळ सांगून टाकलं की आईवडील वारले. जिवंत होते दोघेही. १९७० मध्ये मायामीच्या खटल्यात जिमला शिक्षा झाली, तेव्हा वडिलांनी फ्लॉरिडाच्या अधिकाऱ्यांना एक पत्र लिहिलं. त्यात ते कबूल करतात की मी त्याला पूर्वी गाणंबिणं सोडून दे म्हणून कळवलं होतं, कारण त्याच्या अंगात ती कला नाही असं मला वाटत होतं.

घ्या. हा म्हणे नौदलाने पेरलेला गायक, आणि अ‍ॅडमिरल त्याला सांगतोय की बाबा रे, तुला गाता येत नाही. जुलै १९७१ मध्ये पोरगा पॅरिसमध्ये गेला, वय २७. पुढे त्याच्या कबरीवर वडिलांनी ग्रीक अक्षरांतली पाटी बसवली. यात कट शोधायचा म्हणजे एका बाप-मुलाचं भांडण समजून घ्यायचं नाही असं ठरवूनच बसायला हवं.

'पॉल मॅकार्टनी मेला' ही त्याच काळातली दुसरी अफवा. ती मात्र मला आवडते, कारण तिचा जन्म कसा झाला ते नीट ठाऊक आहे. ऑक्टोबर १९६९ मध्ये डेट्रॉइटच्या एका रेडिओ स्टेशनवर कुणीतरी फोन केला. दोन दिवसांनी अ‍ॅन आर्बरच्या विद्यापीठातल्या विद्यार्थी वर्तमानपत्रात फ्रेड लाबूर नावाच्या मुलाने 'अ‍ॅबी रोड'चं परीक्षण लिहिलं आणि त्यात पुराव्यांची यादी दिली. पॉलच्या जागी आलेल्या तोतयाचं नावसुद्धा दिलं. बरेचसे पुरावे आणि ते नाव त्याने स्वतःच्या डोक्यातून काढलं होतं, हे तो पुढे हसत हसत सांगायचा. काही उपयोग झाला नाही.

त्याच अ‍ॅन आर्बरमध्ये डिसेंबर १९७१ मध्ये खराखुरा कट घडत होता. जॉन सिंक्लेअर या कार्यकर्त्याच्या सुटकेसाठी मैफल होती, जॉन लेनन गायला, आणि श्रोत्यांत एफबीआयचे खबरे बसले होते. त्यांनी गाण्याचे शब्द उतरवून घेतले आणि फाइलला लावले. फेब्रुवारी १९७२ मध्ये एका सिनेटरने कळवलं की याला देशाबाहेर काढलेलं बरं, आणि तसा प्रयत्नही सुरू झाला. लेननला ग्रीन कार्ड मिळायला १९७६ उजाडलं. जॉन वीनर या इतिहासकाराने १९८१ मध्ये या फाइली मागितल्या. शेवटची दहा पानं हातात पडली २००६ मध्ये! पंचवीस वर्षं. आणि आत काय? एका कागदावर लेनन म्हणून दुसऱ्याच गायकाचा फोटो. सरकारी कट असा असतो मंडळी. लबाड, चिकट आणि बराचसा बावळट.

एलएसडीचंही तेच. सीआयएने १९५३ पासून एमकेअल्ट्रा चालवलं, माणसांवर औषधं वापरून पाहिली, कित्येकांना न सांगता. १९७३ मध्ये कागद जाळले, पण हिशेबाच्या कागदांत ठेवलेली सुमारे २० हजार पानं वाचली आणि १९७७ मध्ये बाहेर आली. केन केसी हा लेखक १९६० च्या सुमारास मेनलो पार्कच्या हॉस्पिटलात याच पैशांतल्या प्रयोगासाठी स्वयंसेवक होता. ग्रेटफुल डेडचा गीतकार रॉबर्ट हंटरही अशाच चाचण्यांना गेलेला. पुढे केसीने मित्रांना ती चव लावली, पार्ट्या झाल्या, ग्रेटफुल डेड तिथे वाजवायला लागले. म्हणजे सरकारचा हात होता का? होताच की. पण खात्याला हवं होतं कबुलीजबाब काढणारं औषध, आणि हातात आली नाचणारी पोरं. माझा मित्र स्वतः पंधरा वर्षं प्रॉडक्शन सपोर्टला आहे. बग आणि फीचर यांतला फरक त्याला मी सांगायला हवा?

मला खरा राग येतो तो टोंकिनचा. ४ ऑगस्ट १९६४ चा तो दुसरा हल्ला झालाच नव्हता. अमेरिकेच्या एनएसएने स्वतःच्याच इतिहासकाराचा लेख २००५ मध्ये खुला केला, गुप्त माहिती कशी वाकवली गेली ते त्यात लिहिलंय. त्या न झालेल्या हल्ल्यावर तीन दिवसांत ठराव आला. प्रतिनिधीगृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. त्यानंतरच्या युद्धात ५८ हजारांवर अमेरिकन आणि लाखो व्हिएतनामी मेले. आणि अकरा मिनिटांच्या त्या भाषणात टोंकिनला किती वेळ? 'तिथे मॉरिसनचा बाप होता' एवढंच! एवढं मोठं, कागदोपत्री सिद्ध झालेलं खोटं समोर पडलंय आणि आपण त्याचा उपयोग एका गायकावर संशय घ्यायला करतोय. शिवाय ज्या पोरांनी सैन्यभरतीची कार्डं जाळली, तुरुंगात गेली, ती म्हणे खात्याच्या तालावर नाचत होती. त्यांच्यातल्या एखाद्याला हे तोंडावर सांगून पाहा.

हे सगळं मी काल त्याला लिहून पाठवलं. उत्तर आलं, 'तू पण ना, छापील कागदावर लगेच विश्वास ठेवतोस.' मी म्हटलं, ते जाऊ दे, ती टीडीकेची कॅसेट आहे का अजून?

आहे म्हणाला. माळ्यावर कुठेतरी. पण प्लेअर नाही.

प्लेअर माझ्याकडे आहे, फक्त बेल्ट सैल झालाय. आज लक्ष्मी रोडला जाऊन बघतो मिळतो का. पुढच्या शनिवारी येतो म्हणालाय, पण 'ऐकेनच असं नाही' हेही बजावलंय.