न तपासता मूळव्याध म्हणणे बंद करा!

शौचातून रक्त पडते म्हणून माणूस दवाखान्यात जातो. डॉक्टर विचारतात, "तिखट फार खाता का? पोट साफ होतं का?" दोन मिनिटांत चिठ्ठी तयार होते: मलम, इसबगोल, पाच दिवसांच्या गोळ्या. निदान मूळव्याध! पोटावर हात नाही, गुदद्वाराची तपासणी नाही. मग हा माणूस मलम बदलतो, डॉक्टर बदलतो, कोणी सांगितले म्हणून झाडपाला खातो. महिन्यांमागून महिने जातात. अखेर वजन उतरते, पोट फुगते, आणि शहरातल्या रुग्णालयात दुर्बिणीने पाहिल्यावर कळते की आतड्याचा कर्करोग यकृतापर्यंत पोचला आहे. याला नशीब म्हणून मोकळे होणाऱ्यांना आमचे सांगणे आहे, हा धडधडीत हलगर्जीपणा आहे!

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने मोठे आतडे व गुदाशयाच्या कर्करोगाच्या 800 रुग्णांची पाहणी 2017 मध्ये प्रसिद्ध केली. रुग्णांचे सरासरी वय होते अवघे 47. निम्म्याहून अधिक जणांना शौचातून रक्त जात होते. रोग एवढ्या उघडपणे खूण देत असताना "तुमचं वय काय, तुम्हाला कसला कॅन्सर?" असे म्हणून रुग्णाला परत पाठवण्याचा अधिकार डॉक्टरांना कोणी दिला?

गुदाशयातल्या अनेक गाठी बोटाला लागतात. रुग्णाला कुशीवर वळवायचे, हातमोजा घालायचा, जेली लावायची आणि तपासायचे. डॉक्टर मंडळी जिला 'पीआर' म्हणतात ती ही तपासणी. तिला ना यंत्र लागते, ना वीज. वैद्यकीय महाविद्यालयात ती प्रत्येकाला शिकवलेली असते. तरीही ती टाळली जाते, कारण रुग्णाला लाज वाटते, डॉक्टरला संकोच वाटतो आणि बाहेर रांग लागलेली असते. बाईमाणसाचा तर विषयच निघत नाही. पडदा ओढा, परिचारिकेला शेजारी उभे करा, पण तपासा!

मूळव्याध सापडली म्हणूनही काम संपत नाही. मूळव्याध आणि कर्करोग एकाच माणसात असू शकतात. बोटाला काही लागले नाही तरी वरच्या आतड्यात गाठ असू शकते. रक्त थांबत नसेल तर कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, हवीच. उजव्या बाजूच्या आतड्यातली गाठ तर डोळ्यांना दिसणार नाही इतके थोडे थोडे रक्त घालवते. माणूस पांढरा पडतो, जिना चढताना धापा टाकतो आणि डॉक्टर लोहाच्या गोळ्या लिहून देतात. पुरुषाच्या किंवा पाळी गेलेल्या बाईच्या अंगातले लोह कमी झाले, तर रक्त जाते कुठे, हे शोधल्याशिवाय गोळ्या देत राहणे म्हणजे रोगाला मुदत वाढवून देणे आहे.

आणि ही मुदतच जीव घेते. आतड्यातल्या साध्या कोंबाचा, म्हणजे पॉलिपचा, कर्करोग व्हायला बहुधा दहाएक वर्षे लागतात. तो कोंब दुर्बिणीतूनच काढून टाकता येतो. पहिल्या टप्प्यात रोग सापडला तर दहातले नऊ रुग्ण पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. तो यकृतात वा फुप्फुसात पसरल्यावर हे चित्र पार उलटते.

सरकारही या पापातून सुटत नाही. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढील लोकांची तपासणी होते ती तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांसाठी. मोठे आतडे तिथे नाही. सरसकट सर्वांची कोलोनोस्कोपी करा, असे आम्ही म्हणत नाही; आपल्याकडे या रोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे. पण लक्षण घेऊन दारात आलेल्या माणसाला तरी न तपासता घालवू नका! प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात पीआर तपासणी सक्तीची करा, केसपेपरवर तिची नोंद मागा, शौचातले न दिसणारे रक्त शोधणारी चाचणी तिथे द्या आणि जिल्हा रुग्णालयात कोलोनोस्कोपीची तारीख वेळेत मिळेल अशी सोय करा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून कर्करोगावर उपचार मिळतात. पण निदानच उशिरा झाले तर त्या पैशाने गेलेले दिवस विकत मिळत नाहीत.

वाचकहो, शौचातून रक्त जात असेल, शौचाची सवय बदलून तीन आठवडे झाले असतील, पोट साफ झाल्यासारखे वाटत नसेल, विनाकारण वजन उतरत असेल किंवा रक्त कमी झाले असेल, तर लाज बाजूला ठेवा. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "आधी तपासा, मग औषध लिहा." जो डॉक्टर तपासत नाही, त्याच्या चिठ्ठीवर विसंबू नका, त्याच दिवशी दुसरा दवाखाना गाठा!