सुट्टीच्या कार्डावर भागत नाही

वर्ध्याला खेटून वाढलेली पिपरी मेघे एका बाबतीत नशीबवान. एका अंगाला सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था, १९६९ पासूनची. दुसऱ्या अंगाला सावंगीचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय. ऑटोच्या अंतरावर दोन-दोन वैद्यकीय महाविद्यालये किती गावांच्या वाट्याला येतात? तरीही पक्षाघाताच्या रुग्णाला दवाखान्यातून सुट्टी झाली की इथल्या घराची अवस्था आडगावातल्या घरापेक्षा वेगळी नसते. खाटेवर सासरा, त्याच्या नाकात नळी, शेजारी लघवीची पिशवी आणि जबाबदारी एकट्या सुनेवर.

रुग्णाला आडवा ठेवून नळीतून दूध दिले तर ते उलटून फुफ्फुसात जाते आणि न्यूमोनिया होतो. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर माकडहाडावर आधी लाल चट्टा उठतो, मग कातडी सुटते, मग जखम हाडापर्यंत उतरते. लघवीची पिशवी गादीवर ठेवली तर साचलेली लघवी जंतूंसह मागे फिरते. शिकलेली परिचारिका हे वर्षानुवर्षांच्या सरावाने जाणते. सुनेला मात्र ते सांगितले जाते सुट्टीच्या दिवशी, बिलाच्या धावपळीत, उभ्याउभ्या. वर हातात इंग्रजी कार्ड. यात सिस्टरला दोष देण्यात अर्थ नाही. रात्रपाळीला भरलेला वॉर्ड एकटीने सांभाळणारीने शिकवायचे कधी?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रुग्णालयांत साधारण दहातल्या एका रुग्णाला उपचारादरम्यानच अपाय होतो, आणि त्यातला निम्म्याहून अधिक टाळता येतो. सुट्टीनंतर खाटेवर जे घडते ते कोण मोजतो? आपल्या राज्याला रुग्णसुरक्षा आठवते ती आगीनंतर. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्यात दहा नवजात बाळे गेली, त्याच वर्षी नोव्हेंबरात नगरचा अतिदक्षता विभाग जळाला. मग चौकशी, मग फायर ऑडिट. बेडसोरने महिनाभर झिजून गेलेल्या म्हाताऱ्याची चौकशी होत नाही. ‘वय झालं होतं’ म्हणून सगळे गप्प बसतात.

नातेवाइकाला धोका आधी दिसतो, हेही आपण मानत नाही. इंग्लंडमध्ये २०२१ साली मार्था मिल्स ही तेरा वर्षांची मुलगी सेप्सिसने दगावली. तब्येत ढासळते आहे हे आईवडील सांगत होते, कोणी मनावर घेतले नाही. आता तिच्याच नावाच्या नियमाने तिथल्या रुग्णालयांत कुटुंबाला दुसऱ्या पथकाकडून तातडीने तपासणी मागता येते. आपल्याकडे असे विचारणाऱ्याला ‘बाहेर थांबा’ हे उत्तर ठरलेले. तोच नातेवाईक स्ट्रेचर ढकलायला, रक्ताचा नमुना पोचवायला मात्र चालतो!

कुटुंबाला कामाला लावायचे आणि शिकवायचे नाही, हा प्रकार थांबलाच पाहिजे. रुग्ण दाखल असतानाच घरच्या माणसाने सिस्टरसमोर नळीतून भरवून, कूस बदलून दाखवावे. ते जमल्याखेरीज सुट्टीच्या कागदावर सही होऊ नये. कार्ड मराठीत हवे आणि त्यावर रात्रीही उचलला जाणारा फोन हवा. सेवाग्राम आणि सावंगी दोन्हीकडे नर्सिंग महाविद्यालये आहेत. वॉर्डात सरावाला येणाऱ्या विद्यार्थिनींना एकेक कुटुंब शिकवण्याचे काम द्यावे आणि त्याचे गुण धरावेत. त्यासाठी मुंबईच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.