बुडापेस्टला तीन रात्री द्या

मध्य युरोपची आठ-दहा दिवसांची सहल ठरवताना आपली बहुतेक मंडळी व्हिएन्ना आणि प्रागला मुक्काम करतात आणि बुडापेस्ट वाटेत उरकतात. दुपारी बस पोचते, संध्याकाळी तासभर बोट, सकाळी टेकडीवर फोटो, की सामान पुन्हा बसमध्ये. माझी कळकळीची विनंती आहे, असं करू नका. हे शहर नदीकाठाने चालत, थांबत, खात बघायचं आहे. त्याला निदान तीन रात्री द्या.

डॅन्यूबच्या पश्चिमेला टेकड्यांवरचं बुडा आणि पूर्वेला सपाटीवरचं पेश्त ही मुळात वेगळी गावं. त्यांना जोडणारा पहिला पक्का पूल, म्हणजे सेचेन्यी साखळी पूल, १८४९ साली खुला झाला. पुढे १८७३ मध्ये बुडा, पेश्त आणि ओबुडा मिळून एक शहर झालं. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, नदीवरचे सगळे पूल पडले. साखळी पूल पुन्हा बांधून खुला झाला तो १९४९ मध्ये, पहिल्या उद्घाटनानंतर बरोबर शंभर वर्षांनी. एवढं मनात ठेवून तो पूल पायी ओलांडा. बसच्या काचेतून तो दिसतो, पण त्यावर उभं राहून खालचं पाणी आणि दोन्ही काठ बघण्यात जे आहे ते काचेतून मिळत नाही.

नदी बघायला महागडी बोट लागतेच असं नाही. पेश्तच्या काठाने २ नंबरची पिवळी ट्राम धावते. मार्गारेट पुलाजवळच्या यासाई मारी चौकात तिच्यात बसा आणि उजव्या हाताची खिडकी धरा. संसद, पूल, पलीकडचा राजवाडा, सगळं साध्या तिकिटात. अंधार पडल्यावर मात्र मेट्रोने नदीखालून बुडाच्या बात्यानी चौकात जा. ९६ मीटर उंच घुमटाची संसद उजळलेली बघायची तर समोरच्या या काठावरूनच. तिथून काठाने थोडं दक्षिणेला गेलं की सिलाग्यी देझ्यो चौक लागतो. चित्रकार अमृता शेरगिल १९१३ साली या चौकातल्या ४ नंबरच्या घरात जन्मली. तिची आई हंगेरियन. चित्रांची आवड असेल तर एवढी वाट जरूर वाकडी करा. रात्री बोटीची हौस असेल तर नुसती तासाभराची फेरी घ्या. बोटीवरच्या जेवणापेक्षा तेच पैसे जमिनीवर चांगल्या ठिकाणी खर्च होतील.

संसदेपासून साखळी पुलाकडे चालत जाताना अगदी पाण्याच्या कडेला लोखंडी बूट दिसतात. एकूण साठ जोड. पुरुषांचे जाड तळव्यांचे बूट, बायकांच्या टाचेच्या चपला, लहान मुलांचे जोडे, कोणाचा बूट कलंडलेला, कोणाचा दबलेला, सगळ्यांवर गंज चढलेला. १९४४-४५ मध्ये अ‍ॅरो क्रॉस या हंगेरियन फॅसिस्ट संघटनेच्या लोकांनी ज्यूंना इथे काठावर उभं केलं, बूट काढायला लावले आणि गोळ्या घालून नदीत पाडलं. बुटांना किंमत होती, म्हणून ते आधी काढून घेतले. हे स्मारक २००५ साली झालं. लोक त्या बुटांमध्ये फुलं, खडे, मेणबत्त्या ठेवतात. त्यात पाय घालून किंवा शेजारी हसत फोटो काढू नका, मुलांनाही काढू देऊ नका. तिथे काय घडलं हे त्यांना तिथेच, त्यांच्या वयाला झेपेल तसं सांगा.

दुसऱ्या दिवशीची सकाळ गरम पाण्यासाठी ठेवा. या शहराखाली गरम पाण्याचे झरे आहेत आणि इथले लोक पिढ्यान् पिढ्या त्यात बसत आले आहेत. १९१३ चं सेचेन्यी स्नानगृह पहिल्यांदा जाणाऱ्यांना सोयीचं. त्याच्या उघड्या कुंडात थंडीतही वाफाळत्या पाण्यात बसता येतं, आणि छातीभर पाण्यात पट मांडून बुद्धिबळ खेळणारे लोक तिथे आजही दिसतात. रुदाशचं सोळाव्या शतकातलं तुर्की घुमटाखालचं अष्टकोनी कुंड मला जास्त आवडतं, पण तिथे स्त्रियांचे आणि पुरुषांचे वार वेगळे असतात, ते बघून जा. पोहण्याचा पोशाख, टॉवेल आणि रबरी चपला भारतातूनच न्या. आपल्या बायका संकोचून बाहेर बाकावर पर्सा सांभाळत बसतात, याचं मला फार वाईट वाटतं. तिथे सगळ्या वयाच्या, सगळ्या अंगकाठीच्या बाया निवांत डुंबत असतात, कोणी कोणाकडे बघत नाही. बहिणींनो, उतरा पाण्यात. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच, आणि बेतानेच.

जेवणाबाबत दोन शब्द ओळखायला शिका. ‘मार्हा’ म्हणजे गोमांस, ‘शेर्तेश’ म्हणजे डुकराचं मांस. प्रसिद्ध गुयाश हे सूप बहुधा गोमांसाचंच असतं. शाकाहारी मंडळींनी ‘भाजी आहे’ एवढ्यावर थांबू नये, डुकराची चरबी किंवा खारवलेलं मांस त्यात आहे का, हे स्पष्ट विचारावं. लांगोश घ्या: भटुऱ्यासारखा तळलेला, वर लसूण, आंबट साय आणि चीज. आंबट चेरीचं थंडगार सूप उन्हाळ्यात नक्की मागवा. फोवाम चौकातल्या १८९७ च्या मोठ्या मंडईत वरच्या मजल्यावर पर्यटकांची गर्दी आणि चढे भाव असतात. खालच्या मजल्यावर फिरा आणि पाप्रिका तिथूनच घ्या. पाकिटावर ‘एदेश’ असेल तर गोडसर, ‘चीपोश’ असेल तर तिखट. रविवारी मंडई बंद असते. आठवड्याच्या दिवशी दुपारी छोट्या खानावळींत ‘नापी मेन्यू’ म्हणजे त्या दिवशीचं ठरलेलं जेवण मिळतं, ते स्वस्त आणि ताजं असतं. बिलात सेवाशुल्क धरलेलं आहे का ते आधी बघा. धरलं असेल तर वेगळी टीप देण्याची गरज नाही.

इथलं चलन युरो नाही, फोरिंट आहे. यंत्रातून पैसे काढताना किंवा कार्ड देताना ‘रुपयांत आकारू का’ असं विचारलं की नको म्हणा, नाहीतर दर वाईट लागतो. कागदी तिकीट यंत्रात छापून घ्यायला विसरू नका, तपासनीस दंड करतात. पासष्टीपुढच्या युरोपीय संघाच्या नागरिकांना तिथे प्रवास मोफत आहे, पण भारतीय पासपोर्टवर ती सवलत नाही. आई-वडिलांनाही तिकीट किंवा पास काढा.

आता सहल कंपनीला पैसे भरण्याआधी फोन करून विचारा: बुडापेस्टला रात्री किती, हॉटेल पेश्तच्या मध्यभागी आहे की शहराबाहेर, आणि मोकळा वेळ नक्की किती तासांचा. हॉटेल शहराबाहेर असेल तर रात्रीची नदी तुमच्या हाती लागणार नाही. उत्तर पटलं नाही तर तेवढ्यापुरता गट सोडून स्वतः जाण्याचा विचार करा. व्हिएन्नाहून थेट रेल्वे आहे, तीन तासांच्या आत पोचवते, आणि स्टेशनातून बाहेर पडलं की मेट्रो समोरच असते.