मित्रांसोबत मेटल डिटेक्टर घेऊन जुनी नाणी शोधताय? आधी हा कायदा समजून घ्या

मार्च २०२५. मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, असीरगड किल्ल्याजवळच्या शेतांमध्ये रात्रीच्या अंधारात मोबाइलचे टॉर्च चमकत होते. कुणाच्या हातात कुदळ होती, कुणाकडे चाळणी, तर काही जण चक्क मेटल डिटेक्टर घेऊन आले होते. महिनाभरापूर्वीच 'छावा' चित्रपट प्रदर्शित झाला होता आणि इथल्या मातीत मुघलांची सोन्याची नाणी आहेत अशी अफवा पसरली होती. शेतं खणणाऱ्या गर्दीचे व्हिडिओ व्हायरल झाले, त्यानंतर प्रशासनाला लक्ष घालावं लागलं.

असे व्हिडिओ पाहिले की अनेकांच्या मनात एकच विचार येतो. मेटल डिटेक्टर ऑनलाइन काही हजार रुपयांत मिळतो. आपल्या आजूबाजूला किल्ले, खाडीकाठ, जुनी बंदरं आहेतच. मग रविवारी चार मित्रांनी मिळून एक चक्कर मारली तर काय हरकत आहे?

हरकत आहे. ती नेमकी कुठे आहे, हे समजून घेऊया.

ठाणे-कल्याणच्या जमिनीत खरंच काही आहे का?

आहे. कल्याण हे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं बंदर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतल्या प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख येतो. कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानाची नोंद कान्हेरीच्या लेण्यांमधल्या शिलालेखांत आहे. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण घेतलं. त्यानंतर दुर्गाडीचा पाया खणताना द्रव्य सापडलं, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते.

ठाण्यात १७८७ च्या सुमारास पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचा १०१७ सालचा ताम्रपट मिळाला होता. तो शोधायला कुणी गेलं नव्हतं. बांधकाम करताना तो हाती लागला. आजही चित्र वेगळं नाही. जुन्या इमारतींचा पुनर्विकास, रस्ते, मेट्रो अशी खोदकामं सगळीकडे सुरू आहेत. त्यामुळे जुनी वस्तू सापडण्याची शक्यता हौशी मंडळींपेक्षा जेसीबीचालकाला आणि मजुरांना जास्त आहे.

मेटल डिटेक्टर कसा चालतो?

मशीनच्या गोल कॉइलमधून सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं. खाली धातू असेल तर त्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह तयार होतो. मशीन तो ओळखतं आणि आवाज करतं. एका लहान नाण्यासाठी साध्या मशीनची पोहोच साधारण वीतभर खोलीपर्यंतच असते. शहरालगतच्या जमिनीत भराव, खिळे, तारा आणि बाटल्यांची झाकणं भरपूर असतात. मशीन या सगळ्यांवरच वाजतं. प्रत्येक आवाजाला एक खड्डा खणला, तर नाणं मिळो न मिळो, जागेची मात्र चाळण होते.

कायदा काय सांगतो?

दोन गोष्टी वेगळ्या करून पाहायला हव्यात: कुठे खणलं आणि काय सापडलं.

कुठे खणलं? अंबरनाथचं शिवमंदिर, वसईचा किल्ला, नालासोपाऱ्याचा स्तूप ही केंद्र सरकारची संरक्षित स्मारकं आहेत. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यानुसार संरक्षित जागेत परवानगीशिवाय उत्खनन करता येत नाही. स्मारकाचं नुकसान केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. राज्य संरक्षित स्मारकांसाठी महाराष्ट्राचा १९६० चा स्वतंत्र कायदा आहे. संरक्षित नसलेली जमीनही कुणाच्या तरी मालकीची असतेच. ती खासगी असेल, वन विभागाची असेल किंवा पालिकेची.

काय सापडलं? इथे १८७८ चा निखात निधी कायदा, म्हणजे ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट लागू होतो. जमिनीत दडलेली कोणतीही मौल्यवान वस्तू म्हणजे 'निधी'. तिची किंमत १० रुपयांपेक्षा जास्त असेल तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. काय सापडलं, कुठे आणि कधी, हे सांगायचं आणि वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची किंवा तिच्यासाठी हमी द्यायची. लपवलं आणि गुन्हा सिद्ध झाला, तर सापडणाऱ्याचा हिस्सा सरकारजमा होतो. शिवाय एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

'सगळं सरकारच घेतं' हे खरं आहे का?

नाही. हाच सगळ्यात मोठा गैरसमज आहे.

जिल्हाधिकारी आधी जाहीर सूचना काढतात. दावेदारांना चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख दिली जाते. निधी बेवारस ठरला आणि जमीनमालकानेही दावा केला नाही, तर तो सापडणाऱ्यालाच मिळतो. जमीनमालक पुढे आला आणि दोघांमध्ये वेगळा करार नसेल, तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि मालकाला एक चतुर्थांश वाटा मिळतो.

पण एक मेख आहे. सरकारला निधी स्वतःकडे घ्यायचा असेल तर मोबदला ठरतो तो धातूच्या किमतीवर: धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश. सोन्याच्या नाण्याला यातून बरी रक्कम मिळेल. पण तांब्याचं किंवा शिशाचं दुर्मीळ सातवाहन नाणं असेल, तर हाती जवळपास काहीच लागणार नाही. संग्राहकांच्या बाजारात त्याच नाण्याला कितीतरी जास्त पैसे मिळतात. प्रामाणिक माणसाला तोटा आणि लपवणाऱ्याला फायदा, असं हे गणित आहे. दीडशे वर्षांपूर्वीची ही तरतूदच लोकांना गप्प बसायला लावते.

लपवलं तर काय होतं?

२०२१ मध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत एका बांधकामाच्या जागी मजुरांना सोन्याची नाणी सापडली. त्यांनी ती घरी ठेवली. पोलिसांना खबर लागली आणि २१६ नाणी जप्त झाली. वजन दोन किलोंहून जास्त. नाणी १८ व्या शतकातली होती. सोबत कांस्याच्या भांड्याचा फक्त एक तुकडा मिळाला. वेळेत कळवलं असतं तर मजुरांना वाट्यासाठी कायदेशीर दावा करता आला असता.

नाणं जागेवरून हललं तर काय बिघडतं?

१९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी इथे चांदीची १३ हजारांहून जास्त नाणी एकत्र सापडली. नाणी क्षत्रप राजा नहपानाची होती. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. सातवाहनांनी नहपानाचं राज्य जिंकलं, याचा हा ठोस पुरावा ठरला. हीच नाणी सुटी सुटी विकली गेली असती, तर इतका मोठा निष्कर्ष काढणं अवघड झालं असतं.

सोपाऱ्याचंही तसंच. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप उघडला. आतल्या दगडी पेटीत यज्ञ सातकर्णीचं चांदीचं एक नाणं होतं. ते स्तूपाच्या आत मिळालं, म्हणून स्तूपाचा काळ ठरवायला त्याची मदत झाली. तेच नाणं कुणाच्या खिशातून बाहेर आलं असतं, तर ते फक्त एक जुनं नाणं राहिलं असतं.

पण इंग्लंडमध्ये तर हे चालतं ना?

चालतं, पण नियमांनी. जमीनमालकाची परवानगी लागते, संरक्षित स्थळी बंदी असते आणि खजिना सापडला तर कळवावंच लागतं. फरक मोबदल्यात आहे. तिथे बाजारभावाने पैसे मिळतात. २००९ मध्ये स्टॅफर्डशायरमध्ये एका हौशी शोधकाला सापडलेल्या निधीचे ३२ लाख ८५ हजार पौंड शोधक आणि शेतमालकात वाटले गेले.

उलट हेरफर्डशायरमध्ये २०१५ साली दोन साथीदारांना सुमारे ३०० नाण्यांचा निधी सापडला आणि त्यांनी तो लपवला. त्यातली जेमतेम तीसेक नाणी परत मिळाली. २०१९ मध्ये कोर्टाने दोघांना अनुक्रमे १० आणि साडेआठ वर्षांची शिक्षा सुनावली. ती पुढे अपिलात कमी झाली.

मग जुनं नाणं सापडलं तर काय कराल?

- पुढे खणू नका. वस्तू जागेवरच असेल तर आहे त्या स्थितीत फोटो काढा आणि लोकेशन नोंदवा.
- नाणं घासू नका, चिंच-लिंबाने धुऊ नका. त्यावरची अक्षरं जाऊ शकतात.
- जिल्हाधिकारी कार्यालयाला लेखी कळवा आणि पोच घ्या.
- रीलवर ठिकाण टाकू नका. दुसऱ्या दिवशी तिथे किती कुदळी पोहोचतील, हे असीरगडने दाखवलं आहे.
- जुनी नाणी घरी असणं हा गुन्हा नाही. मात्र १०० वर्षांहून जुन्या नाण्यांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती परदेशात पाठवता येत नाहीत.

नाण्यांची आवड असेल तर ती अधिकृत विक्रेत्यांकडून, प्रदर्शनांमधून आणि संग्रहालयांमधूनही जोपासता येते. सोपाऱ्याच्या स्तूपातल्या वस्तू मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे आहेत. त्या नेमक्या कुठून आल्या हे आपल्याला माहीत आहे, कारण खणणाऱ्याने ते लिहून ठेवलं होतं.