यंत्राने शंका घ्यावी, नाव कापू नये



२०२५ साली नगरपालिकांच्या निवडणुकीत राज्य निवडणूक आयोगाने मतदारयादीतली दुबार वाटणारी नावे संगणकाकडून हुडकून घेतली आणि त्यांच्यापुढे दोन तारे छापले. तारेवाल्या मतदाराला कुठल्या केंद्रावर मत देणार हे विचारायचे. तो भेटला नाही तर मतदानाच्या दिवशी हमीपत्र घेऊन, ओळख पटवून मत देऊ द्यायचे, असे ठरले. नाव कापण्याचा अधिकार राज्य आयोगाला नव्हताच, ही गोष्ट वेगळी. पण पद्धत बरोबर होती. शंका संगणकाची, खात्री माणसाची.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. नावाला नाव, फोटोला फोटो ती क्षणात जुळवते. आम्ही यंत्राचे विरोधक नाही. मेलेल्यांची आणि दुबार नावे यादीतून गेलीच पाहिजेत. प्रश्न एवढाच, की सापडलेल्या नावावर काट कोण मारणार?

यंत्राला अक्षरे दिसतात, माणूस दिसत नाही. आपल्याकडे एका गावात एका आडनावाची निम्मी घरे, आजोबाचे नाव नातवाला, आणि निम्म्या गावाची जन्मतारीख मास्तरांनी लावलेली १ जून! दोन माणसे यंत्राला एकच वाटणार. उलट माहेरी एक नाव आणि सासरी दुसरे, म्हणून एकच बाई दोन वाटणार. त्यात पडताळणीच्या वेळी ऊसतोडीला गेलेल्याच्या दाराला कुलूप असले, की शेरा तयार.

अमेरिकेतल्या काही राज्यांनी 'क्रॉसचेक' नावाच्या योजनेत नाव आणि जन्मतारीख जुळवून दुबार मतदार शोधले. अभ्यासकांनी हिशेब मांडला. त्या योजनेने सुचवलेल्या एका रीतीने नावे कापली असती, तर एक दुबार मत अडवताना सुमारे ३०० खरी मते अडली असती. तणनाशक तण किती मारते एवढेच पाहून कोणी फवारत नाही. पीक वाचते का, हे आधी पाहावे लागते.

सातबारा संगणकावर चढला तेव्हा चुका दुरुस्त करायला शेतकऱ्याने कलम १५५ चे अर्ज घेऊन तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या. सातबारा उशिरा का होईना, दुरुस्त होतो. हुकलेले मत परत येत नाही.

कायदा आपल्या बाजूचा आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २२ प्रमाणे 'इथे राहत नाही' म्हणून नाव कापण्याआधी मतदाराला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. तरी बिहारमध्ये प्रारूप यादीतून गळालेली सुमारे ६५ लाख नावे कारणांसह जाहीर करा, असे १४ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले.

दुसरा धोका यादीबाहेरचा. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात पक्षांतर्गत निवडणुकीआधी मतदारांना फोन गेले. आवाज राष्ट्राध्यक्ष बायडेन यांचा, सांगणे असे की या वेळी मत देऊ नका. आवाज यंत्राने बनवलेला होता. करवून घेणाऱ्याला ६० लाख डॉलरचा दंड झाला, पण मतदान झाल्यावर. आपल्या निवडणूक आयोगाने मे २०२४ मध्ये पक्षांना बजावले, की असा बनावट मजकूर लक्षात आल्यापासून तीन तासांत काढा. तीन तासांत तो गावातले सगळे मोबाईल फिरून येतो.

म्हणून जिल्हा बैठकीत हे ठरवावे:

१. प्रारूप यादी प्रत्येक गावात चावडीवर मोठ्याने वाचायची.

२. यंत्राने संशय घेतलेली नावे कारणासह वेगळी मागायची.

३. काट मारणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव आणि सही असलीच पाहिजे. नाव गेले तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील.

४. मतदानाची तारीख किंवा केंद्र बदलल्याचा निरोप तहसील कार्यालयात विचारल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही, मग आवाज आमचा का असेना.

यंत्राला कोणी जाब विचारू शकत नाही. ज्याला जाब विचारता येतो, त्याच्याच हातात काट मारायचे पेन राहिले पाहिजे.