डुक्कर कोणाचं, चेक कोणाला?

"अमेरिकेतला शेतकरी बघ, स्वतःच्या पायावर उभा असतो. नाहीतर आमचे! ऊठसूट कर्जमाफी." घरी फोन केला की हे हमखास ऐकावं लागतं. बोलणारे बहुधा पगारदार, नाहीतर पेन्शनर. मी आयोवात पीएचडीची पाच वर्षं काढली आहेत. त्यामुळे हे निमूट ऐकून घेणं जमत नाही.

मंडळी, 2020 साली अमेरिकन सरकारने शेतकऱ्यांना थेट दिलेली रक्कम 45 अब्ज डॉलरच्या वर होती! एप्रिलात जाहीर झालेल्या पहिल्या कोरोना योजनेत 16 अब्ज, सप्टेंबरातल्या दुसऱ्या योजनेत आणखी 14 अब्जांपर्यंतची तरतूद. पहिल्या योजनेत मर्यादा माणशी अडीच लाख डॉलर. कंपनी असेल आणि तीन भागीदार त्यात राबत असतील तर साडेसात लाख. तेव्हा स्वावलंबनाच्या गप्पा पुरे. संकटात सरकारने मदत केली यात लाजण्यासारखं काही नाही. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे.

आयोवाच्या वायव्य कोपऱ्यात सू काउंटी आहे. माणसांपेक्षा डुकरं कितीतरी जास्त. तिथे बरीच डुकरं करारावर वाढवली जातात, आपल्याकडच्या करारावरच्या पोल्ट्रीसारखीच. पिल्लं, खाद्य, औषधं कंपनीची. शेड, वीजबिल, कष्ट आणि बँकेचं कर्ज शेतकऱ्याचं. एप्रिल 2020 मध्ये कत्तलखान्यांत कोरोना शिरला, शेजारच्या राज्यातला सू फॉल्सचा प्रचंड कारखाना बंद पडला आणि सगळी साखळी तुंबली. मदत ठरली ती डुकरामागे. 15 एप्रिलपर्यंत विकलेल्या मोठ्या डुकराला 18 डॉलर, 120 पौंडांच्या आतल्याला 28. पण कोणाला? डुकराच्या मालकाला. शेड रिकामी राहिली तरी हप्ता चुकत नाही, अशा करारवाल्याला दोन्ही योजनांत शून्य. आणि कत्तलखान्यात खांद्याला खांदा लावून मांस कापणाऱ्यांपैकी जे विनाकागदपत्रांचे होते, त्यांना तर प्रौढ माणसामागे वाटलेला 1200 डॉलरपर्यंतचा चेकही नाही.

आता आपल्याकडे बघा. पीएम-किसानचे वर्षाला 6000 रुपये मिळतात ते 1 फेब्रुवारी 2019 ला जमीन नावावर असलेल्याला. लॉकडाऊनमध्ये 2000 चा हप्ता लवकर सोडला, तोही त्याच यादीवर. 2023 मध्ये महाराष्ट्राने नमो शेतकरी योजनेचे आणखी 6000 जोडले, तेही तिथेच. पुण्यात फ्लॅटमध्ये राहणारा सातबाराधारक शेतकरी ठरतो. आणि त्याच रानात बटईने घाम गाळणारा? तो कोणीच नाही!

एक फरक मात्र आहे. आयोवातल्या करारवाल्याकडे सहीचा कागद होता. डिसेंबर 2020 मध्ये काँग्रेसने चूक सुधारली आणि बुडालेल्या उत्पन्नाच्या 80 टक्क्यांपर्यंत भरपाई कबूल केली, तेव्हा त्या कागदावर हक्क सांगता आला. आमच्या बटईदाराकडे फक्त शब्द असतो. कूळ लागेल या भीतीने मालक लिहून देत नाही. निती आयोगाने 2016 मध्येच भाडेपट्ट्याचा नमुना कायदा करून दिला आहे. मालकी मालकाचीच, पण कसणाऱ्याच्या हातात कागद.

कर्जमाफी हवी की नको, यावर खुशाल भांडा. पण आधी एवढं ठरवा, मदत जमिनीला द्यायची आहे की जमीन कसणाऱ्याला?