जाम कीं पेरू ?

गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्हांस बराच प्रवास घडला. चुडाव्यास गाडींत बसलों तों मनमाडवरून पुणें गांठलें, तेथून कोल्हापूर पाहिलें, आणि परततांना नागपुरास आप्तांकडे चार दिवस राहून अकोल्याच्या गाडीनें पूर्णेस उतरलों. गड, देवळें व संग्रहालयें यांचीं वर्णनें या अंकांत इतर लेखक देतीलच. आम्हांस बोलावयाचें आहे तें भाजीबाजार व स्वयंपाकघर यांविषयीं.

पुण्याच्या मंडईंत आम्हीं एका बाईस विचारलें, “जाम कसे दिले?” तिनें आम्हांस आपादमस्तक न्याहाळलें आणि “जाम न्हाईत, पेरू हायेत” असें म्हणून आमचेच जाम आमच्यापुढें धरले. मुंबईकडे व कोंकणांत जाम हें अगदींच निराळें फळ : पांढरें वा गुलाबी, घंटेच्या आकाराचें, पाणचट. गंमत ही कीं, ज्या फळावरून आमचें हसें झालें तें मूळचें अमेरिकेंतील. पोर्तुगीजांच्या काळीं तें इकडे आलें. ‘पेरू’ हा शब्दही पोर्तुगीजांच्या ‘पेरा’ म्हणजे नासपती या शब्दावरून आला असें मानतात. फळही पाहुणें आणि नांवही पाहुणें. मग त्यांत शुद्ध कोणतें व अशुद्ध कोणतें?

कोल्हापुरांत आम्हीं संकोचानें म्हटलें, “आम्हांला साधी पोळी चालेल.” यजमानीणबाई गोंधळल्या. त्यांच्या घरीं पोळी म्हणजे पुरणाचीच. रोजची ती चपाती. पुरणाची पोळी साधी कशी करावी हें त्यांस उमगेना, आणि आम्हांस पुरणपोळीचें जेवण घडलें. या घोटाळ्याबद्दल आमची मुळींच तक्रार नाहीं. नागपुरास मात्र फजिती आमच्या कुटुंबाची झाली. तिचें माहेर नगरकडचें. वहिनींनीं बाजारांतून सांबार आणावयास सांगितला, तेव्हां ती हातांत डबा घेऊन निघाली! सांबार म्हणजे तिकडे कोथिंबीर. पुण्याचा कोहळा पांढरा, तर नागपूरचें कोहळें म्हणजे तांबडा भोपळा. आणि ‘बंडी’ म्हटल्यावर एकाच्या डोळ्यांपुढें बैलगाडी येते, दुसऱ्याच्या डोळ्यांपुढें सदऱ्यावर घालावयाचें बिनबाह्यांचें वस्त्र.

हे भेद कांहीं अज्ञानानें पडलेले नाहींत. आमचा परभणी जिल्हा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. मुंबई इलाख्यांत मामलेदार, तर आमच्याकडे तहसीलदार. तिकडे कुलकर्णी किंवा तलाठी, इकडे पटवारी. जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्यास येथें ‘अव्वल तालुकदार’ म्हणत, हें आज विद्यार्थ्यांस सांगितलें तर तो तालुक्याचा अधिकारी असेल असेंच त्यांस वाटतें. राज्य गेलें, तालुकदार गेला. ‘सडक’ मात्र आमच्या तोंडीं राहिली.

आतां मूळ मुद्द्याकडे येतों. सुटीपूर्वीं सहावीच्या एका मुलानें ‘आमचें शेत’ या विषयावर निबंध लिहिला. ‘माय बांधावर भाकर घेऊन येते, आम्ही जामाच्या झाडाखालीं बसतों,’ अशा अर्थाचें त्यांत एक वाक्य होतें. आम्हीं तांबड्या शाईनें ‘माय’ खोडून ‘आई’ केलें, ‘भाकर’ची ‘भाकरी’ केली, ‘जाम’चा ‘पेरू’ केला आणि तीन गुण कापले. मराठीस अभिजात भाषेचा दर्जा 2024 च्या ऑक्टोबरांत मिळाला म्हणून शाळेंत पेढे वांटणाऱ्यांत आम्हीही होतों, हें येथें कबूल केलें पाहिजे.

ज्या गोदातीरीं आपण राहतों तेथेंच जुनें मराठी वाङ्मय वाढलें. जनाबाई गंगाखेडच्या, नामदेवांचें नरसी 1999 पर्यंत आमच्याच जिल्ह्यांत होतें, आतां हिंगोली जिल्ह्यांत आहे, ज्ञानेश्वरांचें आपेगांव पैठणाजवळ याच नदीच्या कांठीं. मग पुस्तकी मराठी पश्चिमेकडे कशी सरकली? 1805 सालीं श्रीरामपूर येथें विल्यम केरीसाहेबांनीं मराठीचें व्याकरण छापलें व 1810 सालीं कोश काढला. त्यांचे साहाय्यक पंडित वैजनाथ हे नागपूरकडील. त्यामुळें ती मराठी पुण्यामुंबईच्या वाचकांस परकी वाटली. पुढें मोल्सवर्थसाहेबांचा मोठा कोश 1831 सालीं निघाला, तो मुंबई इलाख्यांतील शास्त्र्यांच्या साहाय्यानें. छापखाने, सरकारी शाळा व क्रमिक पुस्तकें त्याच बाजूस वाढलीं आणि तिकडची बोली प्रमाण ठरली. वैजनाथ पंडितांचीच बाजू वरचढ झाली असती तर कदाचित् आज पुण्याच्या मुलांचे गुण कापले जाते!

पालक म्हणतील, “सर, परीक्षेंत आणि नोकरींत हे बोल चालणार आहेत का?” प्रश्न रास्त आहे. परभणीच्या मुलास कोल्हापूरच्या कचेरींत अर्ज करावयाचा तर दोघांस कळेल अशी एक भाषा हवीच, आणि ती शिकविण्यांत आम्ही कुचराई करणार नाहीं. ऱ्हस्वदीर्घाची चूक ती चूकच. परंतु ‘माय’ ही चूक नव्हे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, शिक्षकानें असा शब्द खोडूं नये, समासांत दुसरा शब्द लिहावा, व गुण कापूं नयेत. पालकांनींही पाहुण्यांदेखत “माय नको म्हणूं, आई म्हण” असें मुलास दटावूं नये. पुण्याचें डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था मराठी बोलींचें सर्वेक्षण करीत गांवोगांव हिंडले. जे शब्द त्यांनीं कष्टानें टिपले ते आम्ही वर्गांत खोडावे, हें विचित्र नव्हे काय? विद्यार्थ्यांनीं आपापल्या आजीकडून असे शब्द विचारून आणले तर पुढील अंकांत त्यांची यादी छापूं.

सुटी संपतांच आम्हीं त्या मुलास वही आणावयास सांगितली. त्यानें निबंध नव्यानें लिहून आणला होता. आई, भाकरी, पेरू, सर्व यथास्थित. आम्हीं विचारलें, “घरीं काय म्हणतोस रे?” तो म्हणाला, “घरी मायच म्हणतो, सर. पण ते वहीत लिहायचं नसतं ना.”